उपग्रहाचा डोळा आणि नदीची निळी रेषा

दिनांक 17 मे 2025 रोजी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत, चिखली येथे, इंद्रायणीच्या काठी उभे असलेले 36 बंगले यंत्रे लावून पाडण्यात आले. ते पाडावेत असा निर्णय राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 1 जुलै 2024 रोजी दिला होता. त्याविरुद्ध केलेली दाद सर्वोच्च न्यायालयानेही 2025 च्या मे महिन्याच्या आरंभी मानली नाही, आणि मग महानगरपालिकेला कारवाई करणे भाग पडले. कारण एकच होते. ही सारी घरे नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधलेली होती. पर्यावरणाच्या हानीबद्दल 5 कोटी रुपयांची भरपाई न्यायाधिकरणाने आकारली, ती निराळीच.

श्रोतेहो, माणसाने आयुष्याची पुंजी घालून बांधलेले घर जमीनदोस्त होताना पाहणे कोणालाही सुखाचे नाही. निर्णय योग्य होता असे मानणाऱ्यालाही नाही. परंतु या प्रकरणातील विचार करण्याजोगी गोष्ट घरे पाडली ही नसून ती उभी राहिली ही आहे. छत्तीस बंगले एका रात्रीत उभे राहत नाहीत. जमिनीची आखणी होते, मुरूम पडतो, रस्ते निघतात, पाये खोदले जातात, भिंती चढतात. हे सर्व चालले असताना वरून, सुमारे पावणेआठशे किलोमीटर उंचीवरून, युरोपीय देशांचे सेंटिनेल-2 जातीचे दोन उपग्रह दर पाच दिवसांनी एकदा त्याच जागेचे चित्र घेत होते. आपल्या देशाचे उपग्रहही जात-येत होतेच. म्हणजे डोळा उघडा होता, चित्र निघत होते, ते साठविलेही जात होते. मग पाहणाऱ्याला दिसले का नाही? अंकीय नकाशे आणि कृत्रिम उपग्रह यांच्या साह्याने जमिनीची व नदीची राखण करता येते असे आपण हल्ली वारंवार ऐकतो. त्या म्हणण्यात खरे किती आणि कोठे, हे पिंपरी-चिंचवड व चाकण या आपल्या जवळच्याच टापूच्या आधारे पाहावे, असा आज विचार आहे.

आरंभ थोडा मागून केला पाहिजे, कारण जमीन मोजण्याच्या कामात पुणे जिल्हा नवखा नाही. मुंबई इलाख्यात जी शेतवार मोजणीची पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली, ती गोल्डस्मिड व विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी 1835 च्या सुमारास याच जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात प्रथम लावली. मोजणीचे मुख्य साधन म्हणजे 33 फुटांची साखळी. तिचे 16 आणे पाडलेले असत. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे एक गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. सव्वाशे-दीडशे वर्षे आपल्या गावांचे नकाशे या साखळीच्या जोरावर निघाले, आणि ते निघाले ते शेतसारा ठरविण्यासाठी. जी जमीन सारा देते तिला नंबर मिळाला, तिची हद्द काटेकोर मोजली गेली. नदी सारा देत नाही, म्हणून नदीच्या पात्रास बहुधा नंबर नाही. गावाच्या नकाशात ती दोन नंबरांमधील एक मोकळी पट्टी आहे. पाणी चढले म्हणजे ही पट्टी किती रुंद होते, हे लिहून ठेवण्याचे त्या नकाशाला कारणच नव्हते. आजही आपल्या हातातील सातबारा जमीन किती आणि कोणाची हे सांगतो, परंतु तीवर पाणी किती येते हे सांगत नाही. ही उणीव लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता उपग्रहाकडे वळू. उपग्रहाचे चित्र हे आपल्या घरातील छायाचित्रासारखे असते अशी पुष्कळांची समजूत असते. वास्तविक ते आकड्यांचे एक प्रचंड कोष्टक असते. जमिनीचे लहान लहान चौकोन कल्पून प्रत्येक चौकोनातून परत फिरणारा प्रकाश किती, हे निरनिराळ्या रंगांसाठी वेगवेगळे मोजले जाते, आणि त्यात आपल्या डोळ्यांना मुळीच न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा अवरक्त प्रकाशही येतो. हिरवे पान तांबडा प्रकाश गिळते आणि हा अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत फेकते. पाणी मात्र तो जवळजवळ सगळा गिळून टाकते. कोरडी माती, मुरूम, काँक्रीट व पत्रा यांचे आकडे या दोहोंच्या मधले, परंतु प्रत्येकाचे निराळे. एवढ्या एका भेदावर पीक कोणते, रान कोणते, तळे कोणते आणि कारखान्याचे छप्पर कोणते, हे संगणक ओळखतो. छापताना अवरक्त प्रकाशाला तांबडा रंग देण्याची वहिवाट असल्यामुळे अशा चित्रांत ऊस आणि आंबराई लालभडक दिसतात व पाणी काळेभोर. ज्यांनी हे चित्र प्रथमच पाहिले त्यांना सारा मुलूख पेटल्यासारखा वाटतो.

चौकोन जितका लहान तितके बारीक दिसणार. भारताचा नियमित कामाचा पहिला दूरसंवेदन उपग्रह आय.आर.एस.-1ए हा 17 मार्च 1988 रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघातील तळावरून सोडण्यात आला. त्याच्या एका कॅमेऱ्याचा चौकोन साडेबाहत्तर मीटरांचा होता, म्हणजे एकरापेक्षाही मोठा. दुसऱ्याचा सव्वाछत्तीस मीटरांचा, म्हणजे सुमारे 13 गुंठ्यांचा. अमेरिकेच्या लँडसॅटचा चौकोन 1980 नंतरच्या उपग्रहांत 30 मीटरांवर आला, म्हणजे जवळजवळ 9 गुंठे. आणि ज्या सेंटिनेल-2 चा उल्लेख मी आरंभी केला त्याचा चौकोन 10 मीटर लांब, 10 मीटर रुंद, म्हणजे 100 चौरस मीटर. आपला गुंठा 101 चौरस मीटरांहून किंचित अधिक भरतो. साखळीवाल्या मोजणीदाराचा एकक आणि आकाशातील यंत्राचा एकक हे असे एकमेकांशेजारी येऊन बसावेत, हा निव्वळ योगायोग होय. परंतु आमच्या टापूत त्याला एक अर्थ आहे, कारण चिखली, मोशी, तळवडे, चऱ्होली या भागांत जमीन विकली जाते ती गुंठ्यानेच. विकला गेलेला एकेक गुंठा आज उपग्रहाच्या एकेका चौकोनात बसतो. 2019 मध्ये सुटलेल्या आपल्या कार्टोसॅट-3 चा चौकोन तर पाव मीटरच्या आसपास आहे. त्याला अंगणातील मोटारगाडी दिसते.

परंतु माझ्या मते उपग्रहाचा खरा गुण त्याच्या दृष्टीत नसून त्याच्या स्मरणात आहे. बारीक पाहणे हे जमिनीवरून चालणाऱ्या तलाठ्यालाही साधते. किंबहुना अधिक चांगले साधते. न साधणारी गोष्ट ती ही, की पंचवीस वर्षांपूर्वी अमुक तारखेस येथे काय होते हे निर्विकारपणे सांगणे. लँडसॅटची मालिका 1972 पासून चालू आहे, आणि तिचा सगळा संग्रह 2008 पासून जगाला विनामूल्य खुला झाला. चाकण म्हटले म्हणजे इतिहास वाचणाऱ्याला संग्रामदुर्ग आणि 1660 साली शाइस्तेखानाच्या वेढ्याशी फिरंगोजी नरसाळ्याने दिलेली झुंज आठवते. त्याच्या पुढच्या पिढीला कांद्या-बटाट्याचा बाजार आठवतो. आजच्या तरुणाला मोटारींचे कारखाने आठवतात. ही शेवटची दोन चाकणे एकमेकांत कशी विरघळली हे त्या चित्रमालेत वर्षावर्षाने पाहता येते. पिंपरीचे रूप तत्पूर्वीच पालटले होते. 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, 1962 मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन होऊन भोसरी-आकुर्डीकडे कारखान्यांची रांग लागली, आणि 1982 मध्ये तेथे महानगरपालिका झाली. चाकणचा पालट मात्र सारा उपग्रहाच्या डोळ्यांदेखत झालेला आहे. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, सावरदरी, वासुली यांच्या माळांवरचे आणि शेतांवरचे लाल ठिपके निवत गेले आणि त्यांच्या जागी पत्र्याच्या छपरांचे निळसर पांढरे आयत उमटले. भामचंद्राच्या डोंगराच्या, म्हणजे तुकोबांच्या साधनेचे स्थान म्हणून वारकरी ज्याला मानतात त्या डोंगराच्या, पायथ्यापर्यंत हे आयत आले आहेत. डोंगर कोठे कापला, केव्हा कापला, त्या उताराची चढण एकास पाच या मर्यादेहून अधिक होती की नव्हती, यांविषयी वाद पडला तर साक्षीदार म्हणून या चित्रांसारखा दुसरा मिळणार नाही. तो कोणाच्या ओळखीचा नसतो आणि त्याला तारीख पाठ असते.

असा साक्षीदार मिळाला म्हणून त्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवावा काय? नाही. आणि का नाही याचे उदाहरण शोधावयास लांब जावे लागत नाही. माघ-फाल्गुनापासून उन्हाळा संपेपर्यंत पवना आणि इंद्रायणी यांच्या पात्रांवर ठिकठिकाणी जलपर्णी पसरते. दापोडीच्या पुलावरून पाहिले तर पाणी दिसत नाही, एखादे हिरवे कुरण दिसते. या काळातील उपग्रहचित्रात पात्र काळे न दिसता लालभडक दिसते. संगणकाला नदी कोठे म्हणून विचारले तर तो येथे नदी नाही म्हणतो, आणि वनस्पती किती निरोगी म्हणून विचारले तर फार निरोगी म्हणतो. तो खोटे बोलत नाही. जलपर्णी निरोगी असतेच. निरोगी नसते ती नदी. शुद्ध न करता सोडलेल्या मैलापाण्यातील नत्र व स्फुरद यांवर ही वनस्पती पोसते, आणि तिच्या आच्छादनाखाली पाण्यातील प्राणवायू घटून मासे गुदमरतात. नुसता हिरवेपणा मोजून शहराच्या पर्यावरणाची प्रतवारी लावणाऱ्याने या पट्ट्यास उत्तम गुण दिले तर नवल नाही. तीच गोष्ट आळंदीच्या घाटापाशी इंद्रायणीवर येणाऱ्या पांढऱ्या फेसाची. उपग्रह वरून जातो सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास, आणि सांडपाणी सोडणारा काही त्याचे वेळापत्रक न पाहता सोडीत नाही. शिवाय फेस दिसला तरी तो कोणत्या नळातून आला, त्यात साबणाचा अंश किती आणि रसायनाचा किती, हे सांगण्यास बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत नेणारा माणूसच पाहिजे. चित्राने जागा दाखवावी, माणसाने तेथे जावे, असा हा जोडधंदा आहे. जेथे चित्र आल्यामुळे माणसाचे जाणे बंद झाले, तेथे आपण पूर्वीपेक्षा अधिक आंधळे झालो असे समजावे.

आता मूळ प्रश्न, निळ्या रेषेचा. आपल्या राज्यात पाटबंधारे खाते, ज्याला हल्ली जलसंपदा विभाग म्हणतात, नदीकाठी दोन रेषा आखते. सरासरीने 25 वर्षांतून एकदा येईल एवढ्या मोठ्या पुराचे पाणी जेथवर पोचेल ती निळी रेषा, आणि 100 वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराचे पाणी जेथवर पोचेल ती लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधील जागा निषिद्ध, म्हणजे तेथे वस्ती करावयाची नाही. निळी व लाल यांच्यामधील जागा नियंत्रित, म्हणजे अटींवर. पिंपरी-चिंचवडकरांना आणखी एक ‘रेड झोन’ ठाऊक असतो, तो देहूरोड व दिघी येथील लष्करी दारूगोळ्याच्या कोठारांभोवतीचा. त्याचा आणि या लाल रेषेचा काही संबंध नाही, परंतु जागेचे दलाल या दोहोंची सरमिसळ करतात म्हणून सांगून ठेवले. ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ या शब्दांनीही पुष्कळांची फसगत होते. याचा अर्थ एकदा पूर येऊन गेला की पुढची चोवीस वर्षे निश्चिंती, असा नव्हे. दर वर्षी शंभरात चार इतका संभव, असा त्याचा अर्थ आहे, आणि लागोपाठच्या दोन वर्षीही तो येऊ शकतो. वीस वर्षांचे कर्ज काढून अशा जागी घर घेणाऱ्याने हिशेब केला तर कर्ज फिटण्यापूर्वी एकदा तरी पाणी घरात येण्याचा संभव शंभरात पंचावन्नाहून अधिक निघतो.

ही रेषा आकाशातून आखता येईल काय? येथे लोकांच्या अपेक्षा आणि यंत्राची कुवत यांत अंतर आहे. पाणी किती येणार हे पावसाच्या व धरणाच्या नोंदींवरून ठरते, आणि ते कोठवर पसरणार हे जमिनीच्या उंचीवरून. 2000 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या अंतराळयानाने अकरा दिवसांत जगाच्या बहुतेक भूभागाची उंची रडारने मोजली. आपल्या कार्टोसॅट-1 नेही 2005 नंतर जोडचित्रे घेऊन देशाच्या उंचीचा नकाशा तयार केला. ही कामे थोर आहेत. पण त्यांतील उंचीत काही मीटरांची चूक असू शकते. नदीकाठची सखल जमीन पन्नास फुटांत एक फूट चढते असे धरले, तर उंचीत एका मीटरची चूक म्हणजे रेषा पन्नास मीटर इकडे किंवा तिकडे. पन्नास मीटरांत बंगल्यांच्या दोन रांगा बसतात. म्हणून पूररेषेसाठी जमिनीवरून पात्राचे आडवे छेद मोजावे लागतात, किंवा ड्रोनवरून, विमानातून लेझरच्या किरणांनी उंची घ्यावी लागते. दूरच्या उपग्रहाने हे बारीक काम करावे असा आग्रह धरणे म्हणजे टेकडीवर बसून सुईत दोरा ओवण्याचा आग्रह होय.

आणि एवढे करूनही जमीन स्वस्थ बसत नाही. घरे पाडली, रस्ते खोदले, इमारतींचे पाये काढले की निघणारा राडारोडा कोठे तरी टाकावा लागतो, आणि शहराच्या कडेची फुकट जागा म्हणजे नदीकाठ. रात्री डंपर येतात, सकाळी काठ हातभर वर आलेला असतो. वर्षा-दोन वर्षांत त्यावर पत्र्याची शेड उभी राहते. मग कोणी म्हणतो, आमच्या जागेची उंची मोजा, येथे पाणी येतच नाही. त्याचे म्हणणे त्याच्यापुरते खरेही असते. परंतु पूर जेवढी जागा मागतो तेवढी मागतोच. या काठाला नाकारलेले पाणी समोरच्या काठावर चढते, किंवा खालच्या गावात वेळेआधी पोचते. भराव घालणाऱ्याचा लाभ हा नकाशावर न दिसणाऱ्या दुसऱ्या कोणाचे नुकसान असते. उपग्रहाच्या स्मरणशक्तीचे मोल येथे कळते. दर पाच दिवसांची चित्रे एकापुढे एक मांडली की काळ्या पाण्याची कड कोणत्या महिन्यात आत सरकली, हिरव्या काठावर मातीचा पांढुरका डाग केव्हा उमटला आणि तो कोणत्या दिशेने वाढला, हे घरबसल्या दिसते. भरावाची उंची नेमकी किती ते त्यावरून कळणार नाही. पण तो केव्हा पडला हे कळेल, आणि वादात बहुधा तेच कळीचे असते.

पावसाळ्याविषयी दोन शब्द. आपल्याकडे पूर येतो तो आकाश ढगांनी गच्च झालेले असताना, आणि साध्या कॅमेऱ्याचा उपग्रह तेव्हा केवळ ढगांची पाठ पाहतो. ढग भेदणारे रडारचे उपग्रह 2014 पासून सर्वांना उपलब्ध झाले. शांत पाणी रडारचा किरण आरशाप्रमाणे दुसरीकडे परतवते आणि म्हणून चित्रात काळे दिसते. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरचा पूर अशा चित्रांवरूनच मोजला गेला. तो पूर दिवसच्या दिवस तुंबून राहिला होता. मावळातून उतरणाऱ्या पवनेचा व इंद्रायणीचा पूर काही तासांत चढतो आणि एक-दोन दिवसांत ओसरतो. उपग्रह यावयाचा तोवर पाणी गेलेले असते, घरात चिखल तेवढा राहतो. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव डोंगरकड्याखाली गाडले जाऊन दीडशेवर माणसे गेली, तेव्हा गाव जागेवर नाही ही पहिली बातमी कोणत्याही उपग्रहाने दिली नाही. ती नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी.च्या चालकाने दिली. याच तारखेस, अकरा वर्षांनी, म्हणजे 30 जुलै 2025 रोजी, श्रीहरिकोटा येथून भारत व अमेरिका यांचा निसार हा रडारचा उपग्रह अवकाशात गेला. बारा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन चित्रांत जमीन काही सेंटिमीटर सरकली तरी ते त्याला कळावे अशी त्याची रचना आहे. डोंगर ढळण्यापूर्वी कित्येकदा किंचित सरकत असतो. म्हणून सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांना या यंत्रापासून आशा आहे, आणि ती अवास्तव नाही.

आता चिखलीच्या कोड्याकडे परत येऊ. चित्र होते, रेषाही आखलेली होती. उणे होते ते काय? माझे उत्तर असे आहे की रेषा ज्या कागदावर होती तो कागद घर घेणाऱ्याच्या हातात येणाऱ्या कागदांपैकी नव्हता. जागा घेताना कुटुंब काय पाहते? सातबारा पाहते. तो महसूल खात्याचा. खरेदीखताची नोंदणी करते. ती मुद्रांक व नोंदणी खात्याकडे. नोंदणी झाली म्हणजे व्यवहार सरकारदरबारी लिहिला गेला, एवढाच तिचा अर्थ. तेथे घर बांधण्यास परवानगी आहे असा तिचा अर्थ नाही. पुढे घराला मालमत्ताकर लागतो, तो महानगरपालिकेच्या करसंकलन विभागाकडून. कराची पावती हातात आली की सामान्य मनुष्य सुटकेचा निःश्वास टाकतो. वास्तविक अनधिकृत घरालाही कर लागतो. पिंपरी-चिंचवडमध्ये तर अशा घरांना शास्तीकर नावाचा दंडरूप कर कित्येक वर्षे लागू होता व तो पुढे माफ करण्यात आला, हे तेथील रहिवाशांना चांगले ठाऊक आहे. परवानगी पाहणारा बांधकाम विभाग निराळा, विकास योजना आखणारा नगररचना विभाग निराळा, आणि पूररेषा ठरविणारा जलसंपदा विभाग तर मुळी महानगरपालिकेचाच नव्हे. पाच-सहा कचेऱ्या, प्रत्येकीचा आपला नकाशा किंवा आपली वही, आणि घर एकच. गंमत अशी, की कर बसविण्यासाठी शहरातील इमारतींची ड्रोनने पाहणी झाली तेव्हा एकेक पत्र्याची खोलीदेखील सापडली. घेणे असले की घर दिसते.

तेव्हा काम आहे ते हे नकाशे एकमेकांवर बसविण्याचे. ऐकावयास ते सोपे वाटते, आणि मौजेची गोष्ट अशी की सारी बिकट वाट येथेच आहे. गावाचा जुना नकाशा साखळीने मोजून कापडावर किंवा कागदावर काढलेला. तो शंभर वर्षांत घड्यांवर फाटला, दमट हवेत ताणला गेला, नकलेची नक्कल झाली. तो यंत्रात घेऊन उपग्रहाच्या चित्रावर ठेवला म्हणजे एका कोपऱ्यात बांधावर बांध जुळतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात दहा-पंधरा मीटर सरकतो. मग शेताचा बांध नदीत, आणि नदी कोणाच्या तरी गटात. या अवस्थेत निळी रेषा कोणत्या गटातून जाते हे सांगणे म्हणजे कज्जाला आमंत्रण. यासाठी जमिनीवरचे पक्के संदर्भबिंदू शोधावे लागतात: जुनी हद्दीची निशाणी, शिवेवरचा दगड, तिहेरी बांध मिळतो ती जागा. त्यांचे अक्षांश-रेखांश आता रोव्हर नावाच्या हातयंत्राने काही सेंटिमीटरपर्यंत घेता येतात, कारण त्याला आकाशातील दिशादर्शक उपग्रहांच्या जोडीला जमिनीवरील कायम केंद्रांकडून दुरुस्ती मिळत असते. मग नकाशा त्या बिंदूंवर खिळवावा लागतो. भूमी अभिलेख खात्याची मोजणी आता साखळी व फलक यंत्र सोडून या साधनांनी होऊ लागली आहे, आणि त्यातही पुणे जिल्हा पुढे आहे. गावठाणातील घरांची ड्रोनने मोजणी करण्याचा महाराष्ट्रातील पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला. 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत तीच पद्धत आली. ज्या गावठाणात घराला कधी नकाशाच नव्हता, तेथे मालमत्तेची पत्रिका मिळू लागली. ज्या हातांनी गावठाण मोजले त्यांना नदीकाठचे गट मोजणे अवघड नाही. ते पुरे झाले म्हणजे निळ्या रेषेचा उल्लेख त्या त्या गटाच्या सातबाऱ्यावर, इतर हक्कांच्या रकान्यात, बोज्याप्रमाणे चढविता येईल. बँकेचा बोजा जर तेथे लिहिला जातो, तर नदीचा का लिहिला जाऊ नये? मग दुय्यम निबंधकापुढे खरेदीखत येईल तेव्हा ती रेषा विकणाऱ्याच्या, घेणाऱ्याच्या आणि कर्ज देणाऱ्याच्या, अशी तिघांच्याही डोळ्यांपुढे असेल.

तोवर गृहस्थाने काय करावे? सातबारा व खरेदीखत यांवर न थांबता नगररचना विभागाकडून त्या गटाचा झोन दाखला आणि विकास योजनेचा भाग नकाशा घ्यावा, आणि त्यावर निळी व लाल रेषा कोठून जाते हे लेखी विचारावे. तोंडी उत्तर कितीही गोड असले तरी ते उपयोगाचे नाही. त्याच्या जोडीला संगणकावर, किंवा मुलांच्या हातातील भ्रमणध्वनीवरसुद्धा, आपल्या अवकाश संस्थेचे 2009 पासून चालू असलेले भुवन आणि गूगल अर्थ यांपैकी काही उघडून त्या जागेची जुनी चित्रे पाहावीत. विशेषतः पाऊस सरता सरता घेतलेली, आणि दहा-पंधरा वर्षांपूर्वीची. आज जेथे सपाट, कुंपण घातलेला भूखंड दाखविला जातो आहे तेथे तेव्हा बाभळीचे रान होते, ओढ्याचे तोंड होते की ओलसर खळगा होता, हे पाहण्यास शास्त्रज्ञ असावे लागत नाही. चित्र पाहून झाल्यावर त्याच गावातील एखाद्या सत्तरीच्या माणसाला पाणी कोणत्या झाडापर्यंत येते हेही विचारावे.

एक अडचण मात्र गृहस्थाच्या हातची नाही. चिखली-मोशीपाशी इंद्रायणी ही महानगरपालिकेची उत्तर सीमा आहे. अलीकडचा काठ हवेली तालुक्यात व महानगरपालिकेत, पलीकडची मोई, निघोजे, चिंबळी ही गावे खेड तालुक्यात. त्यांचे नियोजन पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, आणि तेथून पुढे चाकणची औद्योगिक वसाहत महामंडळाकडे. प्रत्येकाचा नकाशा नदीच्या मध्यावर येऊन थांबतो, आणि तेथून पुढे कागद कोरा असतो. एका काठावर घर पाडले जात असताना समोरच्या काठावर भराव पडत असेल, तर तो पाहणे हे पाडणाऱ्याचे काम नव्हे आणि त्याला तो अधिकारही नाही. सेंटिनेलच्या एका फेरीत 290 किलोमीटर रुंदीचा मुलूख येतो. कुरवंड्याला उगम पावून देहू, चिखली, आळंदी करीत तुळापूरला भीमेस मिळणारी अख्खी इंद्रायणी, तिच्या दोन्ही काठांसह, त्या एका चित्रात असते. ते चित्र या तिन्ही कचेऱ्यांना आजही फुकट मिळते. त्यावर दोन्ही काठांची मिळून एकच पूररेषा आखण्यास आणि दोन्ही काठांवरील भरावांची एकच नोंदवही ठेवण्यास नवा उपग्रह सोडावा लागत नाही. तिघांनी एका मेजाभोवती बसावे लागते, आणि पुढचा पावसाळा येण्यापूर्वी बसावे लागते.